दफनभूमीला आधी कागद द्या

पावसाळा ओसरला की यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांबाहेर एक काम गाजावाजा न होता पार पडते. चार-सहा जण विळे, कुऱ्हाडी, टिकास, फावडी घेऊन दफनभूमीकडे निघतात. तोवर तिथे कमरेएवढा तरोटा माजलेला असतो, गाजरगवत फुलावर आलेले असते, घाणेरीने वाट अडवलेली असते. ते सगळे काढायचे, खचलेल्या कबरींवर माती ओढायची, कललेला दगड किंवा क्रूस सरळ करायचा, गुरे शिरू नयेत म्हणून काटेरी फांद्या आडव्या टाकायच्या. ख्रिस्ती वस्तीत ही साफसफाई २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणाआधी नाहीतर ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेआधी उरकतात, मुस्लीम मोहल्ल्यात शबे-बारातच्या आधी. लिंगायत, दशनाम गोसावी, महानुभाव यांच्या जागा त्या त्या समाजातली मंडळी राखतात, आणि कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे पाड्यावर, तर खड्डा खणण्यापासून सगळेच पोडातल्या माणसांच्या अंगावर असते. यातल्या कुणाला पगार नाही की मानधन नाही. अशा श्रमदानाचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. कौतुक पुरे झाले, असे माझे म्हणणे आहे. श्रमदानाने जागा स्वच्छ राहते. ती कमी होऊ नये, कुणाच्या घशात जाऊ नये, यासाठी मोजणी, हद्दीचे दगड आणि सरकारी दप्तरातली नोंद लागते, आणि ती करून देणे हे स्वयंसेवकांचे नव्हे तर सरकारचे काम आहे. आज पैसा नेमका उलट्या क्रमाने खर्च होतो. आधी शेड, मग भिंत, मग फाटकावर नाव; नोंदीची आठवण वाद पेटल्यावर.

हा प्रश्न मूठभरांचा वाटत असेल तर जिल्ह्याची वस्ती नीट पाहावी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती आणि तीत साडेअठरा टक्क्यांच्या आसपास आदिवासी होते. विशेष असुरक्षित म्हणून केंद्राने मानलेल्या जमाती महाराष्ट्रात तीनच आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यांपैकी कोलामांची मोठी वस्ती केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या पट्ट्यात आहे. कोलामांत प्रेत पुरण्याची चाल जुनी. गोंड-परधानांत पुरणे आणि जाळणे दोन्ही चालते. बंजारा तांड्यांवर अविवाहितांना पुरण्याचा रिवाज आहे. मुस्लीम आणि ख्रिस्ती आहेतच. शिवाय एक गोष्ट आहे, जी उघड बोलली जात नाही. ज्या जाती दहन करतात त्याही तान्ही मुले पुरतात. दात न आलेले मूल चितेवर ठेवत नाहीत. म्हणजे दफनाची जागा लागत नाही असे गाव शोधूनही सापडायचे नाही. तान्ह्यांची ही जागा बहुधा ओढ्याच्या काठी, गावाच्या कडेला कुठेतरी असते. सगळ्यांना माहीत असते आणि नकाशावर नसते. दफनभूमी म्हणजे ‘त्यांचा’ विषय, ही समजूत इथेच गळून पडायला हवी.

अशी जागा कमी कशी होते, हे जवळून समजून घेण्यासारखे आहे. ती एका रात्रीत कुणी बळकावत नाही. शेजारचा शेतकरी वखरताना धुऱ्याला लागून एक तास जास्त घेतो. पुढच्या वर्षी आणखी एक. मग धुऱ्यावरची बाभूळ जाते, तिच्या बुंध्याशी असलेला दगड जातो, आणि दहा वर्षांत धुरा स्वतःच चार पावले आत सरकलेला असतो. काळ्या मातीत खूण टिकतही नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि ज्या कबरीवर सिमेंटचा ओटा नाही ती दोन-चार पावसाळ्यांत सपाट होते. मुरमाड माळावर कबरी टिकतात, पण तिथे मे महिन्यात खड्डा खणणे म्हणजे सब्बलीने खडक फोडणे. तर काळ्या रानात ऑगस्टमध्ये खणलेल्या खड्ड्याच्या बाजू खणता खणताच ढासळतात आणि तळाशी पाणी साचते. गरिबाच्या कबरीवर नाव कोरलेले नसते. फार तर उशाशी एक दगड, चार रुईची झाडे. नाव नसलेली सपाट कबर आणि पडीक रान यांत जेसीबी चालवणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर मोजणीदारालाही दिसत नाही. ही माती कुणाची आहे हे सांगू शकणारी माणसे गावातली म्हातारी असतात. ती गेली की पुरावाही जातो.

कायद्यात या विषयाची वानवा नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या दहाव्या नोंदीत दफनभूमी आणि दहनभूमी आहेत. बाराव्या अनुसूचीत हेच काम नगरपालिकांकडे दिले आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत दहन-दफनभूमी राखणे हे पंचायतीच्या कामांत मोडते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार गुरचरण, गावठाण यांच्याप्रमाणे दफनभूमीसाठीही सरकारी जमीन राखून ठेवता येते. विदर्भातल्या गावांना निस्तारपत्रक हा आणखी एक कागद असतो, ज्यात सामूहिक वापराचे हक्क लिहिलेले असतात. इतके असून प्रत्यक्षात काय दिसते? काही जागा ई-क्लास जमिनीच्या एका कोपऱ्यात असतात, सातबाऱ्यावर फक्त ‘सरकार’ असते आणि दफनाचा उल्लेख नसतो. काही जागा कुणा जुन्या मालकाने तोंडी दिलेल्या असतात. दिली त्याने, नातवाने विकली. काही वनजमिनीवर असतात. काही एखाद्या न्यासाच्या नावे असतात आणि त्या न्यासाचे विश्वस्त वारल्यावर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज कुणी दाखलच केलेला नसतो, म्हणजे कागदावरची जमीन मेलेल्या माणसांच्याच ताब्यात राहते. या चारही प्रकारांत श्रमदान करणाऱ्याची स्थिती एकच. विळा त्याच्या हातात आहे, हक्क मात्र त्याच्या हातात नाही. शेजाऱ्याने धुरा सरकवला तर तक्रार करायलाही तो ‘संबंधित’ ठरत नाही.

गंमत अशी की कर्तव्य मात्र कायद्याने त्याच्यावर टाकून ठेवले आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या दहाव्या कलमात मृत्यूची खबर निबंधकाला देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांत प्रेतांच्या विल्हेवाटीसाठी राखलेल्या जागेचा मालक किंवा राखणदार येतो. मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत हा राखणदार महापालिकेचा नोकर असतो आणि त्याच्याकडे रजिस्टर असते. पोडावरच्या दफनभूमीचा राखणदार कोण? पोडाचा प्रमुख असलेला नाईक की ज्याच्या घरी सब्बल आहे तो? मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. ती झाली नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर वारस नोंद अडते, फेरफार अडतो, विधवेचा निराधार योजनेचा अर्ज अडतो. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर ज्याचे नाव गेले त्या जिल्ह्यात मृत्यूच्या कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. दफनभूमीत एक साधी वही असती, दिनांक, नाव, वय, कबरीची जागा आणि खणणाऱ्या दोघांच्या सह्या असलेली, तर निबंधकाला आणि कुटुंबाला दोघांना तिचा आधार झाला असता.

त्याऐवजी सरकार काय देते? जनसुविधा योजनेतून, दलित वस्ती किंवा अल्पसंख्याक क्षेत्राच्या निधीतून, कधी आमदार निधीतून पैसे येतात आणि त्यांचे रूपांतर ठरलेल्या साच्यात होते: लोखंडी शेड, ओटा, बसायला सिमेंटची बाके, पेव्हर ब्लॉक. दहनासाठी शेड लागतेच, पावसात सरण पेटत नाही. दफनभूमीत शेडचा उपयोग काय? पेव्हर ब्लॉक टाकलेल्या जागेत तर कबर खणताच येत नाही, म्हणजे निधीने दफनभूमी तेवढी लहानच केली. भिंतीचे आणखी वाईट. मोजणी न करता भिंत घातली की ठेकेदार वादाच्या बाजूने दोन हात आत सरकून पाया घेतो, कारण त्याला बिल काढायचे असते, भांडण नको असते. त्या क्षणी अतिक्रमण पक्के होते. भिंत हीच हद्द, असे पुढच्या पिढीला वाटते आणि भिंतीबाहेर राहिलेल्या कबरी कुणाच्या शेतात गडप होतात. संरक्षक भिंत या नावाखाली संरक्षण शेजाऱ्याला मिळते. ज्या गावांत मोजणी आधी झाली तिथे हेच पैसे सत्कारणी लागतात, हे मान्य. म्हणून तर क्रम बदला म्हणतो.

नोंद आधी आणि बांधकाम मागाहून, हा क्रम जगात पारखला गेला आहे. पुण्याजवळच्या खडकी युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींच्या कायमच्या देखभालीची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या गेल्या. हे स्मशान सांभाळणारा राष्ट्रकुल युद्धकबर आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला. त्याच्याकडे माळी आहेत, निधी आहे, करार आहेत, आणि तरीही आडगावच्या एकट्या कबरीची हमी त्याला देता आली नाही. पोडाला आपले मेलेले उचलून पुण्याला नेता येत नाहीत, म्हणून तिथल्या जागेची हमी तिथेच द्यावी लागेल. दुसरे उदाहरण दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘बाक्सा’ या संस्थेचे. ती स्वयंसेवकांवर चालते, पैसा बेताचा. शेकडो जागा वाचवणे शक्य नाही हे ओळखून तिने कबरींवरचे लेख उतरवून घेण्याला, याद्या छापण्याला आणि त्या ग्रंथालयात ठेवण्याला मोठे स्थान दिले. त्यातल्या कित्येक दगडांचे आता तुकडेही उरले नसतील. नावे उरली आहेत. तिसरे लंडनच्या हायगेट दफनभूमीचे. तिथली खासगी कंपनी डबघाईला आल्यावर १९७५ मध्ये रहिवाशांनी मित्रमंडळ काढले, झाडी तोडली, वाटा मोकळ्या केल्या. पण कामाला स्थैर्य आले ते १९८१ मध्ये जमिनीची मालकी हाती आल्यावर. हायगेटला कार्ल मार्क्सची कबर आहे, तिकीट लावता येते. झरी-जामणीच्या माळावर ती सोय नाही, त्यामुळे इथे तर कागदाची गरज जास्तच.

कोलाम पोडांच्या बाबतीत या कागदाला एक वेगळीच किंमत आहे आणि ती फार थोड्यांच्या ध्यानात येते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना लोकांकडे जुने दस्तऐवज नसतात. हे ओळखून २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये, पुरावा म्हणून काय चालेल याची यादी दिली आहे. वस्तीचे जुनेपण दाखवणाऱ्या पारंपरिक खुणांत विहिरी आणि देवस्थानांबरोबर दफनभूमीचा उल्लेख आहे. सामूहिक हक्कांच्या पुराव्यातही दफन-दहनभूमीचे अवशेष येतात. ज्या समाजाने फार काही लिहून ठेवले नाही, त्याचा या जमिनीवरचा सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे त्याच्या आजा-पणजांच्या कबरी. ती जागा तरोट्याखाली गेली किंवा रोपवनाच्या चरांत मोडली तर दाव्याचा पुरावाच हरवतो. उलट याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये वनजमिनीवर गावासाठी ज्या तेरा सुविधा करता येतात, त्यांत शाळा, अंगणवाडी, रस्ता, समाजमंदिर आहे, दफनभूमी नाही. म्हणजे नवी जागा त्या वाटेने मिळण्याची सोय नाही. आहे ती जुनी जागा सामूहिक हक्कात नोंदवून घेणे हाच मार्ग. वणी भागातल्या कोळसा खाणी, पैनगंगेच्या खोऱ्यातली धरणे, टिपेश्वर अभयारण्यातून झालेली पुनर्वसने, असा इतिहास असलेल्या जिल्ह्यात हे पुस्तकी बोलणे नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसनाच्या ठिकाणी तिथल्या जातीसमूहांच्या प्रथेप्रमाणे दफन किंवा दहनभूमी द्यावी असे स्पष्ट लिहिले आहे. पण मूळ गावी तुमची दफनभूमी होती हेच सरकारदप्तरी नसेल, तर नव्या गावठाणात ती मागायची कशाच्या जोरावर?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पुरोगामी बाजूने येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. जातवार स्मशाने हे महाराष्ट्राचे जुने दुखणे आहे. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभी केली, तोच न्याय स्मशानाला का नको? समाजासमाजाच्या दफनभूमींना सरकारी शिक्का देणे म्हणजे मेल्यावरही जात पक्की करणे नाही का? या आक्षेपातला गाभा मला मान्य आहे. एकच विधी करणाऱ्या दोन जातींना दोन दहनशेड बांधून देणे हा सार्वजनिक पैशाने चालवलेला भेदभाव आहे आणि तो बंद झाला पाहिजे. पण जाळणे आणि पुरणे हे वेगळे विधी आहेत, त्यांना वेगळी जमीन लागते. कोलामाला चितेवर ठेवा म्हणणे ही समता नव्हे. कसोटी अशी लावावी: फाटकावर कुणाला अडवले जाते का? पोटजात, पंथ, देणगी थकली, आंतरजातीय लग्न केले, बाहेरगावचा आहे, या कारणांनी जिथे प्रेत परत पाठवले जाते त्या जागेला एक रुपया मिळू नये. आणि ही अट घालायची तरी आधी जागा दप्तरावर हवी. नोंद नसलेल्या जागेवर सरकारची कुठलीच अट चालत नाही, तिथे दांडगटाचा शब्द चालतो.

जमिनीचा आक्षेप त्यामानाने हलका आहे. कबरी वाढत जातील, जमीन अडत जाईल, असे म्हणतात. कच्च्या कबरीची जागा काही वर्षांनी पुन्हा वापरण्याची रीत आपल्याकडे अनेक मुस्लीम कब्रस्तानांत आहे; जर्मनीत कबरीची जागा साधारण २० ते ३० वर्षांच्या मुदतीनेच देतात. जमीन अडते ती पक्क्या, संगमरवरी, कठडा घातलेल्या कबरींनी, आणि असल्या कबरी गरिबांच्या नसतात. नवे पक्के बांधकाम न करण्याचा ठराव समाजाने स्वतः करावा. कुठली जागा कधी वापरली हे वहीत असेल तर फेरवापर भांडणाशिवाय होतो. विहिरी आणि ओढ्यापासून अंतर राखण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. मोजणीच्या वेळी तो पाहिला जावा, नव्या जागा निवडताना तर आधी पाहावा.

काही जण म्हणतात की स्वयंसेवकांवर विसंबणे ही सरकारला दिलेली सूट आहे. पगारी माणूस नेमा, विषय संपवा. गावोगावच्या लहान जागांना पगारी माणूस मिळणार नाही, मिळाला तर पहिल्या वर्षानंतर त्याचा पगार होणार नाही, हे आपण सगळेच जाणतो. त्याहून गंभीर शंका दुसरी आहे: स्वयंसेवक तरी किती दिवस मिळणार? पोरे पुण्याला, नागपूरला जातात. समाजच उठून जातो. यवतमाळातल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या मोठ्या संस्थेचे उदाहरण पाहा. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये इथे सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. संस्था सामान बांधून जाऊ शकते, विद्यार्थी जातात, ग्रंथालय जाते. कबरी तिथेच राहतात आणि मागे उरलेल्या थोड्या कुटुंबांवर त्यांचा भार पडतो. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल समाजाचेही हेच झाले. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, नवगावची त्यांची जुनी दफनभूमी मागे राहिली. समाज पातळ होत जाणार हे गृहीत धरूनच व्यवस्था लावावी लागते, आणि माणसांच्या मागे टिकते ती नोंदच. शिवाय ज्यांना आपली माती राखायची सवय आहे ती माणसे दुसऱ्याच्या अडीअडचणीलाही उभी राहतात. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने नातेवाईक मागे सरले तेव्हा अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या स्वयंसेवकांनी हिंदू मृतांचेही अंत्यसंस्कार त्यांच्या रिवाजाने केले. ही सवय सरकारी भरतीने येत नाही.

उलट बाजूची भीतीही आहे. देखभाल करणाऱ्यांच्या समितीला मान्यता दिली की ती मालक होऊन बसेल, विरोधकाचे प्रेत अडवेल. केरळमध्ये ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट पंथांच्या चर्चवादात प्रेते अडू लागली, तेव्हा २०२० मध्ये राज्याला खास कायदा करून कुटुंबाच्या दफनभूमीत पुरले जाण्याचा हक्क सांगावा लागला. म्हणून समितीला देखभालीचा अधिकार द्यावा, नकाराचा नाही, आणि हे ठरावातच लिहावे.

शेवटी उरतो तो गावशहाण्यांचा सल्ला: झाकली मूठ राहू द्या. आज सगळे सामंजस्याने चालले आहे, मोजणी लावली की वाद उकरले जातील. वाद उकरले जातील हे खरेच आहे. पण ते कधी उकरलेले बरे? बस्तरमधल्या छिंदवाडा गावात ७ जानेवारी २०२५ रोजी एका ख्रिस्ती पाद्रींचे निधन झाले. गावात ख्रिस्ती लोकांसाठी अधिकृत जागा नाही, असे सरकार म्हणाले. आमची माणसे वर्षानुवर्षे इथेच पुरली जातात, असे कुटुंब म्हणाले. प्रेत शवागारात राहिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. एकांनी स्वतःच्या खासगी जमिनीत पुरू द्यावे म्हटले, दुसऱ्यांनी कित्येक किलोमीटरवरच्या नेमलेल्या जागेचा आग्रह धरला, आणि अखेर वीस दिवसांनी दूरच्या कारकापालला दफन झाले. धर्मांतराचे राजकारण त्यात होतेच, नाही कोण म्हणते? पण कोर्टापुढचा वाद फिरत राहिला तो एका कागदाभोवती: गावातली ती जागा कुणासाठी म्हणून नोंदलेली आहे. त्या दोघांपैकी न्या. नागरत्ना यांनी आपल्या निकालात ख्रिस्ती दफनभूमींच्या जागा आखून देण्याचे निर्देश राज्याला दिले, तेही याच उणिवेमुळे. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये वांद्र्याच्या दफनभूमीच्या प्रकरणात सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा कलम २१ खालचा हक्क असल्याचे सांगितले आहे. प्रेत दारात असताना या हक्कासाठी कोर्टाची पायरी चढायची, की कुणी मेलेले नसताना, डोकी थंड असताना हद्द ठरवून टाकायची? आपल्या जिल्ह्यात असे प्रकरण पेटण्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

मागणी फार मोठी नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी तालुकावार यादी करावी. तीत पोड, तांडे आणि तान्ह्या मुलांच्या जागाही याव्यात. या जागांची हद्द कायम मोजणी भूमी अभिलेख खात्याने फी न घेता करावी, दगड रोवावेत, क-प्रत ग्रामपंचायतीत आणि समितीकडे द्यावी, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दफनभूमी असा शब्द चढवावा. वनजमिनीवरच्या जागा सामूहिक वनहक्काच्या दाव्यात घ्याव्यात. देखभाल करणाऱ्यांची समिती ग्रामसभेने ठरावाने नेमावी, तिला दफनांची वही ठेवायला सांगावी. खर्चाला वित्त आयोगाचा अबंधित निधी आहे, अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसा कायद्याखालचा पाच टक्के थेट निधी आहे. २०१४ च्या पेसा नियमांनुसार पोडालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मिळू शकते, म्हणजे दुसऱ्याच्या दारात जाण्याची गरज नाही. पावसाळ्यात प्रेत गुडघाभर गाळातून न्यावे लागते त्या पांदणी २०२१ च्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेत बसवता येतील. भिंतीचा हट्ट सोडून सागरगोटी-चिल्हारीचे कुंपण लावले तर भिंतीच्या पैशांत कित्येक गावांचे काम होईल, हे माझे मत. ठेकेदारांचे वेगळे असू शकेल.

हे सगळे वरून होण्याची वाट पाहू नका. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते. पुढच्या सभेच्या आधी आपल्या दफनभूमीचा गट क्रमांक शोधा, सातबारा काढा, त्यात काय लिहिले आहे ते वाचा, आणि मोजणीचा विषय विषयपत्रिकेवर घेण्यासाठी लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.